हातानं केलेलं सांगा

चाकणच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करतो. भरती निघाली की मुलाखतीला मेंटेनन्सचे एक वरिष्ठ, एचआरच्या मॅडम आणि मी असे तिघं बसतो. समोर येणारी बहुतेक मुलं-मुली आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली असतात, काही बीई झालेली. जागा ऑपरेटरच्या, लाइन इन्स्पेक्टरच्या, मेंटेनन्स टेक्निशियनच्या, ट्रेनी इंजिनिअरच्या. या मुलांना मुलाखतीबद्दल जो सल्ला मिळतो तो मात्र बहुधा एसी ऑफिसातल्या नोकरीचा असतो. टाय कसा बांधायचा, हात किती घट्ट मिळवायचा, 'तुमचा वीक पॉइंट काय' याला कोणतं ठरावीक उत्तर द्यायचं. कारखान्यातल्या माणसाला समोरच्या मुलाकडून काय ऐकायचं असतं, हे त्यांना सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी शक्यतो प्रश्नानं सुरुवात करत नाही. टेबलावर लेथवर केलेली एक पिन आणि एक व्हर्नियर ठेवलेला असतो. 'बस, पाणी घे, आणि या पिनेचा व्यास मोजून सांग,' एवढंच म्हणतो. पुढचं मिनिटभर मी फक्त त्याचे हात बघतो. एखादा मुलगा व्हर्नियर उचलतो, पिन जबड्यात धरतो आणि लगेच आकडा सांगून मोकळा होतो. दुसरा आधी पिनेवरचं तेल पुसतो. जबड्यांवरून अंगठा फिरवतो, ते मिटवून उजेडाकडे धरतो, फट दिसते का बघतो, शून्याला शून्य जुळतंय का तपासतो. मग पिन धरतो, किंचित हलवून ती नीट बसल्याची खात्री करतो आणि विचारतो, 'सर, कुठल्या टोकाला मोजू? का दोन्हीकडे?' हा प्रश्न आला की माझ्यापुरती निम्मी मुलाखत झालेली असते. पिन एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असू शकते, दिसायला गोल असली तरी गोल नसू शकते, हे त्याला ठाऊक आहे. वर्कशॉपमध्ये कधीतरी टेपर आलेला जॉब निदेशकांनी त्याच्या हातात परत ठेवलेला असणार, त्याशिवाय ही सवय लागत नाही.

'लीस्ट काउंट किती?' असं विचारलं की '०.०२ मिलिमीटर' हे बहुतेकांना तोंडपाठ असतं. 'ते ०.०२ आलं कुठून?' म्हटलं की खोली शांत होते. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणून सरकत्या पट्टीचा एक भाग ०.९८ भरतो आणि फरक उरतो ०.०२ चा. एवढं कागदावर दोन रेघा मारून कुणी दाखवलं, तर त्याचे पहिल्या वर्षाचे मार्क किती होते हे मी पुन्हा बघत नाही. मायक्रोमीटरचं तसंच. स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो, थिंबलवर ५० भाग असतात, म्हणून एक भाग ०.०१ चा. मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या जुन्या आयटीआयमध्ये किंवा पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये जा. निदेशकांना सांगा, सर, मुलाखत आहे, थोडा वेळ उपकरणं हाताळू द्या. विद्यार्थी असा परत आला की शिक्षक नाही म्हणत नाहीत. एका दुपारची ही तयारी महिनाभराच्या व्हिडिओंपेक्षा जास्त कामाला येते.

'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न आमच्या मॅडम विचारतात. त्याचं उत्तर मुलं इंग्रजीत पाठ करून येतात. नाव, गाव, वडील शेतकरी, आई गृहिणी, मी मेहनती आहे, माझा दृष्टिकोन सकारात्मक आहे, छंद म्हणजे क्रिकेट आणि संगीत ऐकणं. ज्या कुणी हे लिहून दिलं त्यानं सगळ्यांना एकच लिहून दिलेलं असतं. दिवसभरात तेच शब्द तेवढ्याच घाईनं पुन्हा पुन्हा ऐकू येतात, आणि मुलगा गेल्यावर त्याच्याबद्दल आम्हाला काहीच आठवत नाही. यात मुलांचा दोष आहे असं मला वाटत नाही. आपल्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, हे त्यांच्या मनावर कुणीतरी पक्कं बिंबवलेलं असतं.

बीडकडच्या एका मुलाची मुलाखत मी कायम सांगतो. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा आयटीआय, मेंटेनन्सच्या जागेसाठी आलेला. पाठ केलेलं तिसऱ्या वाक्याला अडकलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकलं. कपाळावर घाम आला. आमच्या वरिष्ठांनी त्याला थांबवलं आणि मराठीत विचारलं, 'घरी शेती आहे का रे?'

'हाय सर. थोडीच हाय.'

'पाणी कशाचं?'

'बोअर हाय.'

'मोटर जळते का?'

मुलगा खुर्चीत सावरून बसला. 'दर उन्हाळ्याला सर. फेज जातो, मोटर दोन फेजवर ओढत राहते.'

'मग मोटर जळली हे कसं ओळखतोस? लगेच वर काढता?'

'नाय सर. वर काढायला चार माणसं लागतात, अर्धा दिवस जातो. आधी वरच बघायचं. स्टार्टरमधून मोटरच्या तिन्ही वायरी सोडवतो. सिरीज लॅम्प लावून दोन-दोन वायरींत बघतो, लॅम्प लागला तर वाइंडिंग सलग हाय. मग एक टोक वायरीला आन् एक टोक बोअरच्या पाइपला लावतो. तिथं लॅम्प पेटला म्हणजे अर्थ झाली. मग मात्र काढावीच लागते.'

'आणि स्टार्टरला हात लावायच्या आधी?'

'मेन पाडतो. फ्यूज काढून खिशात ठेवतो.'

'खिशात का?'

'कुणी येऊन बसवले तर? लाइट आली की पोरं धावत येऊन मोटर चालू करतात.'

आमच्या वरिष्ठांनी आपल्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. आमच्याकडे मशीनवर काम करायचं तर आधी वीज तोडून स्विचला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, नावाचा टॅग अडकवायचा आणि काम संपेपर्यंत किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, असा नियम आहे. लॉकआउट-टॅगआउट. नव्या माणसाला हे शिकवायला ट्रेनिंग द्यावं लागतं, आणि तरीही चार-सहा महिन्यांनी कुणीतरी किल्ली कुलपालाच लटकवून जातो. या मुलाला त्याचं कारण पोटातून माहीत होतं. बायोडेटात मात्र बोअरचा, मोटरचा, सिरीज लॅम्पचा एका शब्दानं उल्लेख नव्हता. तिथं 'संगीत ऐकणे' लिहिलेलं होतं. त्याला आम्ही घेतलं.

मला जे सांगायचं आहे ते हेच. तुम्ही आजवर स्वतःच्या हातानं जे केलंय, ते बारकाव्यासकट सांगा. सुट्टीत साखर कारखान्यावर सीझनला गेला असाल, चुलत्याच्या गॅरेजात ब्रेक शू बदलले असतील, गावातल्या वेल्डरकडे ग्रील बनवली असेल, घरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बसवला असेल, शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडलं असेल, तर ते सगळं कामच आहे. त्यात काय बिघडलं होतं, कसं ओळखलं, आधी काय करून पाहिलं, शेवटी कशानं जमलं, हे चार-पाच वाक्यांत सांगता आलं पाहिजे. मुलाखतीच्या आधी वहीत अशा तीन-चार गोष्टी उतरवून काढा. लिहिताना अवजारांची नावं आठवतील, मापं आठवतील. समोरचा प्रश्न काहीही असो, त्यातून या गोष्टींपर्यंत यायला वाट मिळते. 'तुम्ही मेहनती आहात का?' याला 'हो' म्हणण्यापेक्षा, पावसाळ्यात रात्री तीन तास बसून कशी मोटर दुरुस्त केली ते सांगितलेलं आम्हाला कळतं.

डिप्लोमा-बीईच्या प्रोजेक्टलाही हेच लागू आहे. चार जणांचा ग्रुप, रिपोर्टवर चौघांची नावं, आणि प्रोजेक्ट बाहेरून तयार आणलेला, हे आम्हाला नवं नाही. दोन प्रश्नांत ते बाहेर येतं. 'फ्रेमला अँगल कोणत्या साइजचा वापरला?' याचं उत्तर तो कापणाऱ्यालाच माहीत असतं. तुम्ही त्यात फक्त वेल्डिंग केलं असेल तर तेवढंच सांगा, पण नीट सांगा: इलेक्ट्रोड कोणता होता, पहिल्या वेळी फ्रेम का वाकली, दुसऱ्या वेळी आधी टॅक मारून घेतले का. सगळ्या प्रोजेक्टचं श्रेय घेऊन मोटरच्या आरपीएमला अडकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता भाषेचं. शॉपफ्लोअरवर मराठी आणि हिंदी चालते. पण ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, मशीनचं मॅन्युअल आणि अलार्मचे संदेश इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजी वाचता आलंच पाहिजे. बोलणं सावकाश येतं, आणि आलेली माणसं मी पाहिली आहेत. 'सर, मी मराठीत सांगितलं तर चालेल का?' हे विचारण्यात काहीही कमीपणा नाही. विचारा आणि मग मोकळेपणानं बोला. ज्या जागेवर रोज ग्राहकाला ई-मेल लिहायची असते, परदेशी माणसांशी बोलायचं असतं, तिथं मात्र इंग्रजी अडतं. हे मी लपवणार नाही. चाकणच्या पट्ट्यात जर्मन, जपानी, कोरियन अशा सगळ्या कंपन्या आणि त्यांना माल पुरवणारे शेकडो कारखाने आहेत. तेव्हा जागा कोणती आहे हे आधी पाहून घ्या. तुमच्या मुलाखतीत ड्रॉइंग पुढं ठेवलं तर ते वाचायला घाबरू नका. कोपऱ्यातलं टायटल ब्लॉक बघा, मटेरियल बघा, प्रोजेक्शनचं चिन्ह बघा, मग मापांकडे वळा. ज्याला कुठून सुरुवात करायची हे कळतं त्याला पुढचं शिकवता येतं.

माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, हा सल्ला सगळेच देतात. मी त्यात थोडी भर घालतो. ड्रॉइंगवर २५ एच७ असं भोकाचं माप लिहिलं होतं. एका मुलाला विचारलं, हे भोक किती ते किती चालेल? तो म्हणाला, 'सर, नक्की आकडा आठवत नाही. पण एच कॅपिटल आहे म्हणजे भोकाचं आहे, आणि एच असल्यामुळे खालची मर्यादा बरोबर २५ असणार, त्याच्याखाली जाऊन चालणार नाही. वरची मर्यादा टेबलमध्ये बघून सांगीन.' वरची मर्यादा २५.०२१ आहे. तो आकडा मला सांगणारी मुलं भेटली आहेत, पण खालची मर्यादा का सोडायची नाही हे सांगता न आलेली. या मुलाला त्या २१ मायक्रॉनचं पाठांतर नव्हतं, तरी तो जॉब बिघडवणार नाही हे आम्हाला दिसलं. म्हणून 'माहीत नाही' म्हणून गप्प बसू नका. त्यातलं जेवढं कळतं तेवढं सांगा आणि उरलेलं कुठं सापडेल ते सांगा.

अंदाजानं ठोकून दिलेलं उत्तर गुणवत्ता विभागातल्या माणसाला सर्वांत जास्त खटकतं. मुलाखतीत जो अंदाजानं बोलतो तो लाइनवर अंदाजानं सही करील, अशी भीती वाटते, आणि ती खोटी नसते. यावरचा माझा एक ठरलेला प्रश्न आहे. समजा तू रात्रपाळीला आहेस. माल भरायची गाडी गेटवर उभी आहे. तुझ्या हाताला एक पीस मापाबाहेर लागला. सुपरवायझर म्हणतोय, जाऊ दे, उशीर होतोय. काय करशील?

काही मुलं म्हणतात, साहेब सांगतील तसं. काही जण आवेशानं म्हणतात, मी गाडी अडवीन, मालकांना फोन लावीन. दोन्ही उत्तरांत तो पीस कुठंच नसतो. एकदा मशिनिस्ट ट्रेडची एक मुलगी आली होती, साताऱ्याकडची. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'आधी दुसऱ्या मायक्रोमीटरनं परत मोजीन सर. माझाच मायक्रोमीटर बिघडलेला असू शकतो.' मी म्हटलं, मोजलं, तरी बाहेरच आला. 'मग तो पीस लाल डब्यात टाकीन. शेवटचा ओके पीस कधी तपासला होता ते रजिस्टरमध्ये बघीन. तिथपासून आत्तापर्यंतचे सगळे पीस बाजूला काढायचे. ते सोडून बाकीचा माल गाडीत जाऊ शकतो. सुपरवायझर सरांना असं सांगितलं तर ते ऐकतील, कारण पूर्ण गाडी थांबत नाही.' याहून चांगलं उत्तर मी स्वतःही दिलं नसतं. चूक पकडणं, तिची व्याप्ती ठरवणं आणि वरच्या माणसाला वाट काढून देणं, हे तिनं अप्रेंटिसशिपच्या वर्षभरात बघून शिकलेलं होतं. अप्रेंटिसशिप म्हणजे कमी पैशांतली राबणूक असं समजून ती टाळणाऱ्या मुलांना मी तिचं उदाहरण देतो.

शिक्षण संपल्यानंतर मध्ये गेलेल्या वर्षांबद्दल आता थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघरी आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी यांच्या तयारीत दोन-तीन-चार वर्षं गेलेली मुलं आमच्यासमोर येतात आणि ती वर्षं लपवतात. कुणी खोटं अनुभवपत्र आणतं, कुणी 'घरी अडचण होती' म्हणतं. खोट्या पत्रावरचा फोन लावून बघायला आम्हाला दोन मिनिटं लागतात, आणि मग चांगला मुलगाही हातचा जातो. सरळ सांगा, सर, मी तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होतो, थोडक्यात गेलो, आता ते सोडलं आहे. जो मुलगा रोज पहाटे उठून १६०० मीटर पळायचा सराव करत होता, त्याला सकाळच्या सातच्या शिफ्टची भीती नसते. एमपीएससीवाल्याला आठ-आठ तास एका जागी बसून काम करायची सवय असते, त्याला रजिस्टर आणि रिपोर्ट लिहिता येतात. ही जमेची बाजू आहे. आम्हाला दोनच गोष्टी समजून घ्यायच्या असतात: भरतीची पुढची जाहिरात आली की हा निघून जाईल का, आणि या वर्षांत हातातलं कसब किती गंजलंय. पहिल्याचं खरं उत्तर द्या. दुसऱ्यासाठी वर सांगितलं तसं वर्कशॉपला जाऊन या. या वर्षांचा जाब घरच्यांनी आणि गावानं आधीच इतका विचारलेला असतो की मुलगा आमच्यासमोरही आरोपीसारखा बसतो. तसं बसायचं कारण नाही.

आधीची नोकरी सोडण्याचं कारण विचारलं तर ते एका वाक्यात सांगा आणि पुढं व्हा. पगार वेळेवर होत नव्हता, कंत्राट संपलं, गाव लांब पडत होतं, ही सगळी मान्य होणारी कारणं आहेत. जुन्या साहेबाची उणीदुणी काढायला लागलात की आम्ही मनातल्या मनात तुमच्या जुन्या साहेबाच्या जागी स्वतःला ठेवून बघतो.

कंपनीबद्दल माहिती काढून जा असं सांगितलं की मुलं वेबसाइटवरचं स्थापनेचं वर्ष पाठ करून येतात. त्याचा उपयोग थोडाच. एक मुलगा मुलाखतीच्या बराच आधी पोचला आणि गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत बसला. शिफ्ट सुटलेल्या कामगारांशी बोलला. आत आल्यावर म्हणाला, 'सर, इथं फोर्जिंग बाहेरून येतं आणि मशीनिंग आत होतं ना? मला मशीनिंगला काम करायचं आहे.' आमच्या कारखान्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मोठ्या कॉलेजातून आलेल्या मुलांकडूनही ऐकलेलं नाही. टपरीवर आणखीही बरंच कळतं. पगार सात तारखेला होतो का, ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का, कँटीन कसं आहे. नोकरी घ्यायची की नाही हे तुम्हालाही ठरवायचं असतं.

वेळेचं एवढंच सांगतो की चाकणचा तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक कुणाला दयामाया दाखवत नाहीत. नकाशात वीस मिनिटं दिसतात तिथं सकाळी तासभर जातो. रात्रीच्या एसटीनं येणाऱ्या मुलांनी शक्य असेल तर आदल्या दिवशी भोसरीला किंवा चाकणला नातलगाच्या, मित्राच्या खोलीवर मुक्काम करावा. रात्रभर बसमध्ये जागलेला मुलगा सकाळी अकराला नीट विचार करू शकत नाही, हे आम्हाला समोर दिसतं. कपडे स्वच्छ आणि इस्त्रीचे असले की पुरे. बूट असतील तर बूट घाला, कारण चप्पल घालून शॉपफ्लोअरवर येता येत नाही आणि पुष्कळदा आम्ही मुलाला लाइन दाखवायला आत नेतो. फाइलमध्ये मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळे ठेवा. मूळ मार्कशीट कुणी ठेवून घेतो म्हटलं तर देऊ नका, दाखवून परत घ्या.

आणि पैसे. मुलाखतीसाठी, नोंदणीसाठी, युनिफॉर्मसाठी, गेटपाससाठी कुणी पैसे मागितले तर तो माणूस दलाल आहे, कंपनी नाही. 'पुण्यात कायमची नोकरी लावतो' म्हणून गावाकडून हजारो रुपये उकळणाऱ्यांनी फसवलेली मुलं आमच्या गेटवर येऊन उभी राहिलेली आहेत. त्यांच्याकडे नियुक्तीपत्र असतं, त्यावर आमच्यासारख्याच एखाद्या कंपनीचं नाव असतं, आणि आतल्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. एजन्सीमार्फत भरती होते हे खरं आहे, पण तिथंही पैसे मोजायचे ते कंपनीनं, उमेदवारानं नाही.

'तुम्हाला काही विचारायचं आहे का?' असं शेवटी विचारतात तेव्हा 'नो सर, थँक्यू सर' म्हणून उठू नका. विचारा, ही जागा कंपनीच्या पटावरची आहे, कंत्राटदाराकडची आहे, ट्रेनी म्हणून आहे की अप्रेंटिस म्हणून? या चारींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या मुलाला विद्यावेतन मिळतं, प्रमाणपत्र मिळतं, पण मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर सरसकट नसतं. हे आधी कळलं तर वर्षभरानं धक्का बसत नाही. पगाराचा आकडा सांगितला तर विचारा, हा सीटीसी आहे की हातात पडणारा? मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमच्याकडून पीएफला जातात, कंपनीही आपला वाटा भरते, आणि सीटीसीत पुष्कळदा दोन्ही धरलेले असतात. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय कापला जातो, पण त्यातून घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते. 'अपेक्षा किती?' याला 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका. खोलीचं भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे यांचा हिशोब करून एक आकडा घेऊन या आणि तो का, ते सांगा. हिशोब करून आलेला मुलगा टिकतो.

मुलींनी कंपनीची बस कुठपर्यंत येते, सेकंड शिफ्ट किती वाजता सुटते, त्या वेळी बसमध्ये सुरक्षारक्षक असतो का, हे बिनदिक्कत विचारावं. हे विचारलं म्हणून कुणी मुलगी कामाला नको म्हणत असेल तर ती जागा घेण्यासारखी नाही. लग्न कधी करणार, मूल कधी होणार, असं पॅनेलमधला कुणी विचारत असेल तर 'त्याचा माझ्या कामावर परिणाम होणार नाही' एवढं सांगून पुढं जावं. आमच्या टेबलाशी हा प्रश्न विचारायला मॅडमनी बंदी घातली आहे, आणि ती योग्य आहे.

माझ्यासारख्या टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांनाही काही सांगायचं आहे. दहाची वेळ देऊन मुलांना तीनपर्यंत बाकावर बसवून ठेवणं, ती बोलत असताना मोबाइल बघणं, तोंडचं वाक्य तोडणं, हे बऱ्याच कारखान्यांत सर्रास चालतं. समोरच्या मुलाला पाणी द्या, त्याच्या गावाचं नाव घ्या, पहिला प्रश्न त्याला येत असलेल्या गोष्टीचा विचारा. घाबरलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याच्या भीतीशिवाय काहीच कळत नाही. बीडचा तो मुलगा इंग्रजी परिच्छेदावरच परत पाठवला असता, तर नुकसान आमच्या मेंटेनन्स विभागाचं झालं असतं.

शेवटची एक विनंती याच लोकांना आहे. 'आठवड्यात कळवतो' असं म्हणालात तर कळवा. निवड झाली नसेल तरी एक फोन करा, निदान मेसेज पाठवा, आणि जमलं तर कशात कमी पडलं ते एका वाक्यात सांगा. तो मुलगा उसन्या पैशांनी एसटीचं तिकीट काढून आलेला असतो, आणि तुमच्या फोनची वाट बघत दुसरीकडची मुलाखत सोडून बसलेला असतो.